मारक पेशी मारतात कशा?

विषाणू पेशीत शिरला, की रक्तातील प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग ती पेशीच नष्ट करावी लागते. हे काम ‘मारक टी-पेशी’ करतात.

पण बाधित पेशी ओळखायची कशी? बहुतेक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावरील खास रेणूंवर मांडून ठेवतात. पेशीची ही स्वतःची खूण आणि विषाणूचा अंश, दोन्ही एकत्र आढळले तरच मारक पेशी हल्ला करते. झिंकरनागेल व डोहर्टी यांनी १९७४ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले.

मारक पेशी लक्ष्यपेशीला घट्ट चिकटते व आपल्याजवळील सूक्ष्म कण मधल्या फटीत रिकामे करते. त्यांतील परफोरिन हे प्रथिन लक्ष्यपेशीच्या पटलाला छिद्रे पाडते; ग्रँझाइम ही विकरे आत जातात आणि पेशीतील आत्मनाशाची यंत्रणा सुरू करतात. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात व भक्षक पेशी ते गिळून टाकतात.

परफोरिनच सदोष असेल तर? काही बालकांतील एक जीवघेणा आनुवंशिक आजार या दोषामुळे होतो, असे १९९९ साली आढळले. लक्ष्य मरत नाही, म्हणून हल्लाही थांबत नाही, आणि त्यात शरीराचीच हानी होते.