तेल कुठे घालू नये? : ब्राउनिंग ऑटो-५

मशीन कुरकुरली की तेल घाल, हा आपला वर्कशॉपमधला पहिला धडा. ब्राउनिंग ऑटो-५ या बारा बोअर सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत तो उलटा पडतो. जॉन ब्राउनिंगचं पेटंट १९०० चं. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९०२ पासून ती बनवायला घेतली.

वऱ्हाडात बारा बोअर म्हणजे बहुतेक दुनळीच. ऑटो-५ असलीच तर ती कपाटात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली, १९७३-७४ मध्ये मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला. वर्षानुवर्षं न वापरलेल्या बंदुकीत जुनं तेल डिंकासारखं घट्ट होतं आणि अकोल्याच्या उन्हाळ्यातली धूळ त्यात चिकटते.

आता गंमत पाहा. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेलेच मागे सरकतात. मग बोल्ट मागे थांबतो, नळी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं. या धावत्या नळीला आवरते कोण? मॅगझिन ट्यूबवरची स्प्रिंग, आणि तिच्यापुढचा ब्राँझचा चिरलेला कडा. तो ट्यूब आवळून धरतो, म्हणजे चक्क ब्रेकच! मोटरसायकलच्या ब्रेक लायनरला कोणी तेल लावतं का? नाही ना बाप्पा! ट्यूब तेलाने माखली की नळी जोरात आदळते, खांद्याला दणका बसतो, पुढचं लाकूड तडकतं. अगदीच कोरडी ठेवली तर नळी पुरती मागे जात नाही, काडतूस अडकतं. म्हणून हलकं तेल लावायचं आणि लगेच फडक्याने पुसून घ्यायचं. सोबतची पोलादी रिंग हलक्या काडतुसांसाठी स्प्रिंगच्या मागे असते. जड काडतुसांसाठी पुढे, तिरकी बाजू ब्राँझकडे.

हे काम परवानाधारकाचंच. आधी चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामे आहेत ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. टोपी फिरवून पुढचं लाकूड आणि नळी काढायची. ब्रश मागच्या तोंडातून घालायचा, मग कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा पुसट हात. बाजूच्या स्क्रूंना मात्र होस्टेलचा पेचकस लावू नका, खाचा खराब होतात. दस्त्यातली स्प्रिंग परवाना असलेल्या बंदूक-मिस्त्रीकडेच साफ करून घ्यावी.

ठेवताना नळीचं तोंड खाली असू द्यावं. नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि ते मऊ पडतं. पावसाळ्यात चामडी म्यानात तर ठेवूच नये. चामडं ओल धरतं आणि गंज चढतो.