गेटवरचं रजिस्टर

राजोडी,
9 नोव्हेंबर 2025

चि. बाबू यास,


दिवाळीत तू भाऊबीजेच्या आदल्या रात्रीच पुण्याला निघून गेलास. तेव्हा मी काही बोलले नाही. काय झालं ते नंतर तुझ्या आईकडून कळलं. तुझे ऑफिसातले मित्र समुद्रावरच्या रिसॉर्टला आले, त्यांना सोबत म्हणून तू गाडीत बसलास, आणि गेट उघडायला पुढे आला तो तुझा बाप. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. मित्रांना काही कळलं नाही, दादूही काही बोलला नाही. (माझ्यासाठी तो दादूच. तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे, तेव्हा एकेरीत लिहिते, रागावू नकोस.) घरी येऊन तू म्हणे त्याला सांगितलंस, "उद्यापासून जायचं नाही, लोक काय म्हणतील?" आणि आता मला लिहितोस, "आत्या, तूच समजाव त्यांना, पैशाची गरज नाही, विचारलं तर म्हणतात वेळ जात नाही."

"वेळ जात नाही" हे उत्तर तू खरं मानलंस याचंच मला नवल वाटतं. आपल्याकडे साठी ओलांडलेला कोणताही पुरुष कामावर का जातो विचारलं की हेच सांगतो. आगाशीच्या बाजारात विचार, नालासोपारा स्टेशनबाहेर विचार. कोणी "पुरत नाही" म्हणणार नाही. पोराला तर नाहीच नाही. त्यामुळे दादू हौसेने जातो की गरजेने, हे त्याच्या तोंडून तुला कधी कळायचं नाही. ते दुसरीकडून बघावं लागतं.

माझंच बघ. बहात्तर वर्षं झाली, तरी पहाटे पाचला वाडीत असते. जास्वंदीच्या कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या आणि दादरच्या फूलबाजाराला जाणाऱ्या शेजारणीच्या टोपलीत टाकायच्या. महिन्याचे जे चार पैसे येतात ते भिशीत जातात. लोक म्हणतात, बाई या वयातही कष्ट करते. कसले कष्ट? कंबर धरली की मी जात नाही. पाऊस असला की जात नाही. कळ्या झाडावर फुलतात, मी चहा पीत बघत बसते. दादू मागच्या जुलैत तापाने फणफणलेला असताना रात्रपाळीला गेला. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, आणि दोन खाडे झाले तर जागेवर दुसरा माणूस बसवायला तिथल्या मुकादमाला तासही लागत नाही. त्या रात्री मी डबा घेऊन गेले. प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ तुटलेली, तिला सुतळी बांधलेली. तुझ्या कॉलेजचं नाव छापलेला जुना स्वेटर अंगात, पायाशी मच्छरांची कॉइल, आणि मांडीवर रजिस्टर. मी म्हटलं, घरी चल. तर म्हणतो, "सुरूच्या बनात आज पोरं फार आहेत, भरतीची वेळ आहे, एखादा आत जाईल पाण्यात."

एका घरातली, एका वाडीत वाढलेली आम्ही दोघं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, 2011 साली अठ्ठावन्न पुरी झाली आणि निवृत्त झाले. शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो, उशिरा का होईना थकबाकीसकट मिळतो. दादूने बत्तीस वर्षं गोरेगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. पहाटेची विरार लोकल, खांद्याला डबा, रविवारीसुद्धा ओव्हरटाइम. 2016 साली तोही अठ्ठावन्नाचा झाला. त्याचं पेन्शन किती, तुला माहीत आहे? 2,680 रुपये. कारखान्यातल्या लोकांची ती 1995 ची योजना. फंडातल्या मालकाच्या हिश्श्यातले सव्वाआठ टक्क्यांहून थोडे जास्त त्यात जायचे, पण तेही खऱ्या पगारावर नाही. कित्येक वर्षं 6,500 रुपये हीच पगाराची मर्यादा धरली, ती 15,000 झाली सप्टेंबर 2014 मध्ये, म्हणजे दादूची नोकरी संपायला दोन वर्षं उरली असताना. पेन्शन काढतात ती वर्षं गुणिले पगार भागिले सत्तर. तू इंजिनियर आहेस, गणित करून बघ. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही. 2016 साली जी रक्कम ठरली तीच आजही येते. तेव्हा तुझ्या आईच्या गुडघ्याच्या गोळ्या केवढ्याला होत्या आणि आज केवढ्याला आहेत, तेही तिला विचार.

मग ग्रॅच्युइटी आणि फंडाचं काय झालं, हे तू मनात म्हणशील. 2016 ला तू दुसऱ्या वर्षाला होतास. त्याच्या पुढच्या वर्षी ताईचं लग्न. एवढं लिहून पुढे जाते. हे तुला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. हिशोब मांडताना एक रकाना रिकामा राहायला नको, एवढंच.

माझ्या निरोप समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण दिलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, 1916 साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. आपण ज्या वयात नारळ आणि शाल घेऊन घरी येतो त्या वयात. पुढे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला, आणि माणूस एकशे चार वर्षं जगला. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. मुलांना हे मी कितीदा सांगितलंय. लांब कशाला, इथलेच नंदाखालचे फादर दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. पण खरं सांगू, निवृत्तीच्या भाषणात ही नावं आता मला ऐकवत नाहीत. कर्व्यांची हजेरी कोण मांडत होतं? खाडा झाला म्हणून त्यांचा पगार कोण कापत होतं? काम त्यांचं स्वतःचं होतं. बारा तास दुसऱ्याचं गेट राखणाऱ्या माणसाला त्यांचं उदाहरण देणं म्हणजे त्याच्या गरजेला हौस म्हणून टाळ्या वाजवणं. पुण्यात कोणी असलं काही पाठवलं, तर ते दादूला पुढे पाठवू नकोस.

आता उलटी बाजू. तू समजतोस तसं त्याला तिथे नुसतं अपमान सोसत बसावं लागत नाही. रजिस्टर बघितलंयस कधी? गाडीचा नंबर, माणसं किती, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. बत्तीस वर्षं स्टोअरमध्ये नट-बोल्टांची नोंद ठेवली ते वळणदार अक्षर, समासाची रेघ पट्टीने मारलेली. मुंबईची पोरं त्याला भरती-ओहोटी विचारून पाण्यात जातात. तिथीवरून तो भरतीची वेळ सांगतो, ती चुकत नाही. मोबाइलवर बघायला तुम्ही शिकलात, तो बापाकडून शिकला. तू एका फटक्यात "जायचं नाही" म्हणालास तेव्हा पगाराबरोबर हेही काढून घ्यायला निघालास.

तेव्हा माझं ऐकणार असशील तर असं कर. त्याला "काय लागेल ते सांगा, मी पाठवतो" असं म्हणू नकोस, तो मरेपर्यंत सांगणार नाही. बँकेत सूचना देऊन ठेव, दर एक तारखेला ठरलेली रक्कम तुझ्या आईच्या खात्यात गेली पाहिजे. त्याच्या नव्हे, आईच्या. किती, ते तिच्याशी बोलून ठरव, आणि औषधं, वीजबिल, किराणा हे सगळं धरून ठरव. गिरगावच्या डॉक्टरकडे जायचं गाडीभाडंही धर. सत्तरीनंतर सरकारचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, पण दादू सदुसष्ट वर्षांचा आणि तुझी आई त्याहून लहान. मधल्या वर्षांचा विमा तू बघ. हे सहा महिने बिनबोभाट चालू दे. एका जरी महिन्यात चुकलं की तो समजेल, पोराचं काही खरं नाही, आणि गेट सोडणार नाही.

सहा महिन्यांनी त्याला एकच गोष्ट माग: रात्रपाळी सोड. दिवसपाळी मिळाली तर करू दे, नाही मिळाली तर आपल्या वाडीत कामाची कमी नाही. बावखलाच्या तळ्याकाठची राजेळी केळी दोन वर्षं कोणी बघितलेली नाहीत. मी त्याला नुसतं "ये" म्हटलं तर येणार नाही, पण हिशोबाला माणूस हवा म्हटलं तर येईल. एवढं करूनही त्याला त्या गेटवरच बसायचं असलं, तर मग मी मानेन की त्याचा वेळ जात नाही. तेव्हा तू मध्ये पडायचं नाही.

आणि पुण्याला येऊन राहा, हे सध्या नको. बाराव्या मजल्यावर तो काय करेल? तुमच्या सोसायटीच्या गेटवर त्याच्या वयाचा दुसरा कोणी बसलेला असेल, त्याच्याशी गप्पा मारायला जाईल, आणि तुला तेही आवडायचं नाही.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा गाडी सरळ घराकडे आणू नकोस. गेटवर थांबव. काच खाली कर, मित्र असतील तर त्यांना सांग हे माझे बाबा. तो नंबर लिहून घेईल, तो लिहू दे.

तुझी,
आत्या

ता.क. हयातीच्या दाखल्याला दादूचा अंगठा मशीनवर उठत नाही. बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत, दोनदा केंद्रावरून परत आला. फोनवर चेहरा दाखवूनही होतं म्हणतात. आलास की तेवढं पहिल्याच दिवशी करून दे, नाहीतर ते 2,680 ही अडकतील.