कळतं, पण वळत का नाही

धार-देवासच्या मराठी घरांत व्यसनाचा विषय निघाला की अजूनही अफूच आठवते. ते साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि पवारांची ही संस्थानं त्याच मुलखातली. मंदसौर-नीमचकडे आजही परवान्यावर अफूची शेती होते. पण आता दाराशी आलेला पदार्थ निराळा आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीत ९०७ किलो मेफेड्रोन पकडलं गेलं आणि त्याच महिन्यात धारला लागून असलेल्या झाबुआ जिल्ह्यात, मेघनगरला, ११२ किलो. पोरं ज्याला ‘एमडी’ किंवा नुसतं ‘पावडर’ म्हणतात ते हेच. अफूने माणूस सुस्तावतो. मेफेड्रोन कोकेन आणि मेथअँफेटामिनसारखं उत्तेजक आहे. त्यामुळे अफूवरून बांधलेले आडाखे इथे फसतात. पेंगणारा मुलगा घरच्यांच्या नजरेत भरतो. रात्र रात्र जागून काम उपसणारा, भराभर बोलणारा मुलगा मात्र सुरुवातीला हुशार आणि कष्टाळूच वाटतो.

घरात कळल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘इतकं समजावलं, तरी त्याच्या डोक्यात कसं शिरत नाही?’ माझं म्हणणं असं की ते डोक्यात शिरलेलं असतं. पैसे संपतायत, नोकरी जातेय, आई रडतेय, हे त्याला इतरांइतकंच ठाऊक असतं. इजा झालेली असते ती कळलेल्या गोष्टीप्रमाणे वाट बदलण्याच्या क्षमतेला. परिस्थिती पालटली की जुना नियम सोडून नवा धरणं म्हणजे विचारांची लवचीकता. देवासकरांना याचं उदाहरण दूर शोधायला नको. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व इथे आले, काही वर्षं त्यांचं गाणं बंद राहिलं, आणि श्वास पूर्वीसारखा साथ देणार नाही हे ओळखून त्यांनी पुढची गायकीच वेगळी घडवली. पूर्वी जे जमत होतं त्यालाच ते चिकटून राहिले असते तर काय झालं असतं, हा विचार करून पाहावा.

ही क्षमता प्रयोगशाळेत मोजता येते. दोन वस्तूंपैकी एकीखाली खाऊ ठेवायचा; प्राण्याला ते नीट उमगलं की गुपचूप खाऊची जागा बदलायची. जेंट्श आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माकडांना चौदा दिवस रोज एकदा कोकेन दिलं आणि मग थांबवलं. ती माकडं नवी जोडी शिकण्यात मागे नव्हती. नियम उलटल्यावर मात्र ती रिकाम्या झालेल्या जागीच पुन्हा पुन्हा हात घालत राहिली, आणि शेवटच्या मात्रेनंतर महिना उलटला तरी हा दोष टिकून होता. शिकण्याची शक्ती शाबूत आणि शिकलेलं सोडण्याची शक्ती अधू, हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कपाळामागे, डोळ्यांच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे तो ‘आता याचं मोल उरलं नाही’ ही नोंद ठेवतो आणि सवयी सांभाळणाऱ्या आतल्या केंद्रांशी बोलतो. उत्तेजक पदार्थ त्या केंद्रांत डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा पूर आणतात. पूर वारंवार आला की डोपामिन टिपणारी ग्राहकं कमी होतात. नोरा व्होल्कॉव यांच्या गटाला २००१मध्ये मेथअँफेटामिनच्या व्यसनी माणसांत ही ग्राहकं कमी आढळली, आणि कपाळामागच्या त्या भागाची मंदावलेली हालचाल त्यांच्याशी निगडित दिसली.

यावर आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत. पहिला असा की मेंदू आधीपासूनच तसा असेल, म्हणून तर व्यसन लागलं. केंब्रिजच्या कारेन एर्शे यांनी २०१२मध्ये व्यसनी माणसांबरोबर त्यांच्या निर्व्यसनी सख्ख्या भावंडांचेही मेंदू तपासले, तेव्हा भावंडांतही काही तशाच खुणा दिसल्या. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे. पण ती भावंडं व्यसनी नव्हती, हेही त्याच अभ्यासातून दिसतं. उपजत कमजोरी माणसाला धोक्याच्या जवळ नेते. तेवढ्याने त्याचं पुढचं आयुष्य ठरत नाही. ज्या घरात एक मुलगा अडकला आहे तिथे दुसऱ्याकडे जास्त लक्ष हवं, हा यातून निघणारा साधा सल्ला. दुसरी गोष्ट, सगळे उत्तेजक एकाच मापाने मोजता येत नाहीत: एर्शे यांच्याच २००८च्या अभ्यासात जुन्या उत्तराला चिकटून राहण्याचा दोष कोकेन घेणाऱ्यांत ठळक होता, अँफेटामिनवाल्यांत नव्हता. म्हणून मेफेड्रोनबद्दल मी हातचं राखून बोलतो. मात्र डोपामिनचा पूर तेही आणतं, आणि परिणाम लवकर ओसरत असल्याने एका बैठकीत पुन्हा पुन्हा घ्यायला लावतं.

पिथमपूरला रात्रपाळी करणारा किंवा इंदूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण म्हणेल, ‘पण याने लक्ष तर लागतं!’ जागरण जमतं, हे खरं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल किंवा डेक्स्ट्रोअँफेटामिन देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. त्यांनी वेळ आणि मेहनत जास्त घातली, पण प्रत्येक चालीचा कस घसरला. यांतली मिथाइलफेनिडेटसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, लक्ष-चंचलतेचा विकार असलेल्या मुलांना उपयोगी पडतात. त्यावरून पुडीतल्या पावडरीची बाजू मांडता येत नाही.

तिसरा प्रश्न जास्त बोचरा आहे: मेंदूच बिघडला म्हटल्यावर त्याची जबाबदारी संपली का? मला तसं वाटत नाही. जबाबदारी राहते, फक्त ती पेलण्याची रीत बदलावी लागते. शपथा आणि तासन्‌तासची भाषणं जाणिवेला हाक मारतात, आणि जाणीव तर आधीच जागी असते. म्हणून हाताशी येणाऱ्या पैशाचा, फोनमधल्या नंबरांचा, घरी यायच्या रस्त्याचा बंदोबस्त आधी करावा. उत्तेजकांच्या व्यसनावर सर्वमान्य औषध अजून नाही. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच लहानसं बक्षीस देण्याच्या पद्धतीला. लाच दिल्यासारखं वाटून घरचे नाराज होतात. पण दूरच्या तोट्याने ज्याची वाट बदलत नाही, त्याची जवळच्या लाभाने बदलू शकते. शिवाय वेळ द्यावा. व्होल्कॉव यांनी मेथअँफेटामिनच्या व्यसनी माणसांपैकी पाच जणांची वर्ष-दीड वर्षाच्या संयमानंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हा डोपामिनच्या यंत्रणेची काही भरपाई झालेली होती, चाचण्यांतली कामगिरी मात्र तितकी सुधारली नव्हती. एकवीस दिवसांत ‘बरा’ झालेला मुलगा बघून निर्धास्त होणाऱ्यांनी आणि तिसऱ्या महिन्यात हात टेकणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावं.

पोलिसांच्या धास्तीने बरीच घरं गप्प बसतात. मेफेड्रोन २०१५पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं की इंदूरला, हे नंतर ठरवता येईल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, आणि तिथे आईवडिलांनी आपल्यासाठी म्हणून फोन केला तरी चालतो.