विजेचा नवा पेचकस व जुनें फडताळ

घाटंजीच्या आमच्या घरीं, स्वयंपाकघरांत, सागवानाचें एक फडताळ आहे. तें आजीच्या लग्नाच्या वेळचें असून तें घडविणारा सुतार केव्हांच निवर्तला. फळ्या मात्र अद्याप सरळ आहेत. यवतमाळच्या रानांतलें सागवान म्हणजे काय चीज असते, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें असें एखादें जुनें फडताळ पाहावें. गेल्या वर्षीं त्याचें उजवें दार बिजागरीपाशीं निखळून लोंबूं लागलें. तें काढून टाकून पत्र्याचें कपाट आणावें असा विचार घरांत निघाला, तेव्हां आजीनें कांहीं न बोलतां फळीवर हात ठेवला. दार दुरुस्त करण्याचें आम्हीं तत्काळ पत्करलें, आणि त्याच निमित्तानें घरांत नवा आलेला, तारेवांचून चालणारा विजेचा आघाती पेचकस प्रथम हातीं धरला. इंग्रजींत ज्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणतात तो हाच. त्याची रचना विद्यार्थिमित्रांस कळावी व आमच्या हातून घडलेली चूक त्यांच्या हातून घडूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.

साधा पेचकस आपण मनगटाच्या जोरानें फिरवितों. विजेच्या ड्रिलमध्यें मनगटाची जागा मोटार घेते. परंतु मळसूत्र, ज्याला आपण सर्रास स्क्रू म्हणतों, तें लांकडांत अडकलें म्हणजे मोटार फिरूं पाहते, मळसूत्र फिरत नाहीं, आणि सगळा पीळ उलटून आपल्याच मनगटावर येतो. आघाती पेचकसांत ही अडचण मोठ्या युक्तीनें टाळलेली आहे. त्याच्या पोटांत एक पोलादी हातोडा व त्याच्यापुढें एक ऐरण असते. मळसूत्र हलकें जात असतें तोंपर्यंत हीं दोन्ही एकत्र फिरतात व यंत्र मुकाट्यानें चालतें. विरोध वाढला कीं हातोडा स्प्रिंग दाबीत तिरप्या खांचेवरून मागें सरकतो, ऐरणीच्या दांतावरून निसटतो, आणि दबलेली स्प्रिंग त्याला लगेच पुढें लोटते. तोंच तो फिरतां फिरतां ऐरणीच्या पुढच्या दांतावर आदळतो. असे ठोके मिनिटाला ३००० च्या घरांत बसतात. भिंतीला भोंक पाडणाऱ्या हॅमर ड्रिलचा ठोका समोर, सरळ रेषेंत बसतो. ह्याचा फिरण्याच्या दिशेनें बसतो. हा भेद परीक्षेंत कोणी विचारणार नाहीं, पण दुकानांत अवश्य उपयोगी पडेल.

१८ व्होल्टच्या मध्यम यंत्राचा पीळ सुमारें १५० न्यूटन-मीटर असतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला १५ किलोचें वजन टांगलें असतां दांड्याच्या मुळाशीं जेवढा पीळ पडेल, तेवढा हा झाला. तो मनगटाला सोसला नसता. परंतु ठोका निमिषाच्या अत्यल्प भागापुरताच असतो, व तो हातोड्याच्या गतींतून उत्पन्न होतो. मोटारीला हातोडा मागें सारून पुन्हां वेगांत आणण्यापुरताच जोर लावावा लागतो, आणि हाताला जाणवतो तो तेवढाच.

वीज येते ती लिथियम-आयन घटांतून. ३.६ व्होल्टचे ५ घट एकापुढें एक जोडले म्हणजे १८ व्होल्ट होतात. आमच्या बॅटरीवर २ अँपिअर-तास असें लिहिलेलें आहे; १८ ला २ नें गुणिलें असतां ३६ वॅट-तास येतात, म्हणजे ९ वॅटचा दिवा ४ तास जळेल एवढी शक्ति त्या मुठीएवढ्या वस्तूंत सांठते. १९६१ सालीं ब्लॅक अँड डेकर ह्या अमेरिकन कंपनीनें तारेवांचून चालणारें ड्रिल काढलें, तेव्हां तें निकेल-कॅडमियमच्या घटांवर चाले. लिथियम-आयन घट १९९१ सालीं बाजारांत आले, आणि त्या कामगिरीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आमच्या परीक्षेची हकीकत. प्रथम परसांतल्या तुकड्यांवर यंत्र चालवून पाहिलें. सागवानांत दोन इंची पोलादी मळसूत्र पाहतां पाहतां माथ्यापर्यंत गेलें. मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या आऱ्यांत तें अर्ध्यावर अडलें, यंत्र खडखडूं लागलें, आणि तरीही मळसूत्र आंत आंत जातच राहिलें. हें पाहून आमचें डोकें थोडें फिरलें, हें कबूल केलें पाहिजे. फडताळाचीं मळसूत्रें पितळी होतीं व तींच पुन्हां बसवावीं अशी आजीची इच्छा. जुनीं भोंकें सैल झालेलीं, म्हणून बिजागरी बोटभर वर सरकवून आम्हीं पहिलें मळसूत्र जागेवर धरलें आणि भोंक न पाडतांच कळ दाबली. दोन ठोके बसले न बसले तोंच टक् असा आवाज झाला. माथा खालीं पडला व दांडा सागवानांत रुतून राहिला.

पितळ पोलादाहून पुष्कळ मऊ. शिवाय ड्रिलला एक कडें असतें, व ठरविलेल्या पिळापलीकडे तें आपोआप सुटतें. तसें कडें आघाती पेचकसाला बहुधा नसतें. केव्हां थांबावयाचें हें कळीवरच्या बोटालाच ठाऊक असावें लागतें, आणि आमच्या बोटाला तें ठाऊक नव्हतें.

शेजारचे सुतारकाका आले. ते हंसले नाहींत. तुटका माथा उलटून पाहत त्यांनीं एवढेंच विचारलें, “आधी भोक पाडलं होतं का जी?” आम्ही गप्प. त्यांच्या पेटींत अजून सामता आहे. कमानीच्या दोरीनें मागें-पुढें फिरणारें भोंक पाडण्याचें हें जुनें हत्यार हल्लींच्या मुलांनीं क्वचितच पाहिलें असेल. मळसूत्राच्या आंतल्या दांड्याएवढें भोंक त्यांनीं सामत्यानें पाडलें. त्याच मापाचें पोलादी मळसूत्र त्यांत एकदां फिरवून काढून घेतलें, म्हणजे लांकडांत आटे तयार झाले. मग पितळी मळसूत्राला मेणबत्तीचें मेण लावून तें साध्या पेचकसानें, हातानेंच बसविलें. दार उभें राहिलें.

१९३७ च्या ऑक्टोबरांत शेजारच्या वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनें हाताच्या उद्योगाभोंवतीं सगळें शिक्षण गुंफावें असा विचार मांडिला होता. आमच्यासारख्या पुस्तकी मनुष्यास एक भोंक पाडावयाचें सुचूं नये, ह्याचा त्या दिवशीं मोठा खेद वाटला.

तथापि यंत्राची बाजू अजून संपली नाहीं. फडताळाच्या पाठच्या फळ्याही हलत होत्या, आणि नेमकी तेव्हांच वीज गेली. काकांनीं आपण होऊनच यंत्र मागून घेतलें, हातांत तोलून पाहिलें, आणि भोंकें पाडून झाल्यावर १६ पोलादी मळसूत्रें त्यानें बसवून टाकलीं. हातानें तेवढ्यांना दुपार लागली असती. “लय बोंबलते हे,” एवढाच शेरा त्यांनीं दिला, व तो रास्त होता. बंद खोलींत हा आवाज कानाला घातक आहे. कानांवर संरक्षक व डोळ्यांवर चष्मा असल्यावांचून मुलांनीं यंत्र हातीं धरूं नये, व वडील माणूस जवळ असावें.

एक गोष्ट आपल्या भागापुरती सांगावयाची राहिली. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेंत बॅटरी ४० अंशांहून अधिक उष्णतेंत भरूं नये असें बजावलें आहे, आणि मे महिन्यांत घाटंजीस पारा त्याच्या बराच वर जातो. म्हणून उन्हाळ्यांत आम्ही ती पहांटे भरतों, काम झाल्यावर निवूं देतों, व टिनाच्या छपराखालीं कधींच ठेवीत नाहीं. ती आतां फडताळाच्याच खालच्या खणांत असते. दार उघडलें कीं बिजागरीच्या बोटभर खालीं तो तुटलेला पितळी दांडा अजून दिसतो. आजीनें तो काढूं दिला नाहीं.