नळाचे पाणी चांगले, पण बोटीवरची टाकी?



३१ जुलैला बंदी संपते. इंजिन तपासून झाले, जाळी दुरुस्त झाली, डिझेल-बर्फाची सोय झाली. पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र आपण आत न डोकावताच भरतो. म्हणून आज तिच्याविषयी.

२०२४ चा हंगाम नुकताच सुरू झाला होता, तेव्हा आपल्या गोव्यातच कुटबण जेटीवर कॉलरा पसरला आणि काही खलाशी दगावले. पोटासाठी लांबून आलेली माणसे ती. हे विसरून चालणार नाही.

पुष्कळ जण म्हणतात, "पाणी नळाचे आहे, काचेसारखे दिसते." आम्हीही असेच म्हणायचो. पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, वासही येत नाही. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडता कामा नये, असे भारतीय मानक सांगते.

मग नळाचे चांगले पाणी बिघडते कुठे? आपल्याच बोटीवर. जेटीवर लोळणारा पाईप टाकीत जातो. मासळीचे, शौचाचे हात नीट न धुता मग आत बुडवला जातो. टाकीच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघा, बुळबुळीत थर लागेल. त्यात जंतू घर करतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन हा थर आणि ऊन मिळून संपवतात. पहिल्या दिवशी चांगले असलेले पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी तसेच असेल याची खात्री नाही.

बोट सोडण्यापूर्वी एवढे करा:

१. टाकी रिकामी करून आतून ब्रशने घासा. नुसती खळबळून थर जात नाही.

२. टाकी पाण्याने भरा. ५०० लिटरला ७५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचे निवळ टाकीत ओता. रात्रभर ठेवून सगळे ओतून टाका, दोनदा धुवा. हे पाणी पिऊ नका. पावडरीत फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.

३. पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या घ्या. प्रमाण पाकिटावर असते. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. उघडी पावडर दमट हवेत निकामी होते, ती बोटीवर भरवशाची नाही.

४. टाकीला झाकण आणि तोटी हवीच. पिंप असेल तर लांब दांड्याचे भांडे ठेवा, हात पाण्याला लागू नये.

५. मासळीचा बर्फ पिण्याच्या पाण्यात टाकू नका. डिझेलचा कॅन धुऊनही पाण्याला वापरू नका.

६. साबण बोटीवर ठेवा. शौचानंतर आणि जेवणापूर्वी हात धुवायलाच हवेत.

तांडेलांनी एक लक्षात ठेवावे. कुणाला भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब लागले, तर काही तासांत अंगातले पाणी संपते. लगेच ओआरएस सुरू करा. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा आणि बोट किनाऱ्याला वळवा. जेटीवर १०८ ची गाडी बोलावून ठेवा. "उद्या बघू" म्हणू नका.

मालकांनो, टाकी घासायला अर्धा दिवस लागतो. एक फेरी उशिरा गेली तर भरून निघते, माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना काय सांगणार?

ही पोस्ट आपल्या तांडेलांना वाचून दाखवा.

आपले,
संस्थेचे सचिव व संचालक मंडळ