विकीची पानं आपोआप जोडावीत का?

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या टीमने मीडियाविकीवर अंतर्गत विकी केला आहे. तीनशेवर पानं झाली, पण एकमेकांना जोडलेली थोडीच. शीर्षकातला शब्द कुठेही आला की आपोआप लिंक पडेल, अशी सोय करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : करता येते, पण करू नका. शब्द जुळला म्हणजे विषय जुळतोच असं नाही. ‘कर’ नावाचं पान असेल, तर ‘अर्ज कर’मधल्या ‘कर’लाही लिंक पडेल. आणि ‘परतावा’ हे पान असूनही ‘परताव्याचा’ मात्र सुटेल. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या 1995 च्या पहिल्या विकीत कॅपिटल अक्षरांनी सांधलेले शब्द आपोआप लिंक होत. देवनागरीत कॅपिटलच नाहीत!

त्यापेक्षा लिंक हातानेच द्या : [[परतावा|परताव्याचा]]. उभ्या रेघेआधी पानाचं नाव, नंतर मजकुरातलं रूप. एकाच गोष्टीला दोन नावं असतील तर पुनर्निर्देशन करा. सारख्या विषयांच्या पानांना एकच वर्ग द्या, म्हणजे त्यांची यादी आपोआप तयार होते. हवं तर बॉटकडून लिंका सुचवून घ्या, पण मंजुरी माणसाचीच असू द्या.

एक सावधगिरी. पगारपत्रकासारखं गोपनीय काही तिथे ठेवू नका. एकेका पानाला वाचनबंदी घालण्यासाठी मीडियाविकी बनलेलाच नाही.

तीनशे पानांनी घाबरू नका. ‘विशेष पाने’ उघडा. कुठूनच लिंक नसलेल्या पोरक्या पानांची यादी तिथे तयारच मिळेल. सुरुवात तिथून करा.