गेमचे आवाज घरच्या घरी

प्रश्न : मित्रासोबत मोबाइलसाठी छोटा गेम बनवतोय. त्यात उसाच्या फडातली पळापळ आहे, घोडा आहे. स्टुडिओचा खर्च झेपणारा नाही. यूट्यूबवरच्या अभंगाचा १० सेकंदांचा तुकडा घेतला तर चालतो म्हणे. खरं का?
– एक विद्यार्थी, फलटण

उत्तर : '१० सेकंद चालतात' असा नियम कायद्यात कुठेही नाही. अभंग तुकोबांचा असेल तर शब्द सर्वांचे. पण ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, चालीवरही असू शकतो. तो तुकडा नकोच. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाकडून टाळ-पखवाज वाजवून घ्या. लेखी संमती मात्र घ्या.

स्टुडिओवाचून अडणार नाही. सिनेमा-रेडिओतही घोड्याच्या टापा करवंट्यांनी काढतात. माती भरलेल्या घमेल्यात आपटल्या की शेतवाट, फरशीवर आपटल्या की दगडी रस्ता. फडातली सळसळ वाळल्या पाचटाची, हाड मोडल्याचा आवाज गाजर मोडून. पंखा बंद करून, गाद्या-रजया असलेल्या खोलीत मोबाइल वीतभर अंतरावर धरा. प्रत्येक आवाज कमीजास्त जोराने चार-पाचदा घ्या. तोच तो आवाज कानाला खटकतो.

कापाकापीला 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मूळ फाइल वेव्हमध्ये ठेवा. सलग फिरणारं संगीत ओजीजीत द्या. एमपीथ्रीत जोडावर बारीक खंड पडतो. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, तिथे पखवाजाचा खर्ज हरवतो.

आधी टाप, पाऊल, सळसळ एवढंच गेममध्ये बसवून बघा. पुढचं आपोआप सुचत जाईल.